अक्षरें घडविणारा कारागीर : शेठ जावजी दादाजी



आमच्या जुन्या शहरांतून मोर्णेचा पूल ओलांडून ताजनापेठेकडे जाणारा मुलगा वाटेंत किती अक्षरें पाहतो, याची गणना त्यानें कधीं केली नसेल. किराणा दुकानाची पाटी, वैद्याच्या दारावरील फळी, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या काचेआड मांडलेले नमुने, कापसाच्या गाठीवरील खूण, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, आणि अलीकडे चौकाचौकांत टांगलेले मोठमोठे फ्लेक्स, या सर्वांवर कोणी ना कोणी अक्षरें बसविलेलीं असतात. कांहीं अक्षरें डोळ्यांस सुख देतात, कांहीं नुसतीं वाचलीं जातात, आणि कांहीं तर वाचतांही येत नाहींत. हीं अक्षरें कोणी तरी आधीं मनांत आणिलीं, हातानें रेखिलीं, आणि त्या कामावर आपला संसार चालविला, हा विचार मात्र फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

दर वर्षीं आमच्या वर्गांत दोन-चार मुलें अशीं आढळतात कीं ज्यांच्या वहीचीं शेवटचीं पानें नक्षीनें, चित्रांनीं व वळणदार अक्षरांनीं भरलेलीं असतात. त्यांच्या पालकांस या छंदाचें कौतुक असतें, आणि त्याबरोबर काळजीही असते. सुबक आकृति काढून पोट भरतें काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहतो. ही काळजी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं; घरचें भाडें, धाकट्या भावंडांची फी, आजारपण, हें सर्व डोळ्यांसमोर असतां मुलास बेभरंवशाच्या वाटेवर सोडण्यास कोणाचें मन धजेल? परंतु या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यापेक्षां एखाद्या माणसाच्या आयुष्यांत शोधावें, हें आम्हांस अधिक योग्य वाटतें. म्हणून यंदाच्या अंकांत निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक शेठ जावजी दादाजी चौधरी यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत सांगत आहों.

जावजींचा जन्म १८३९ सालीं मुंबई येथें एका गरीब कुटुंबांत झाला. त्यांच्या कामाची थोरवी कळण्यासाठीं त्या काळीं आपल्या भाषेंतील छपाई कोणत्या स्थितींत होती, हें आधीं पाहिलें पाहिजे. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले. पुढें त्यांनीं छापखाना घातला व १८१७ सालीं त्यांतून मराठी छपाईस आरंभ केला. आरंभीं देवनागरी खिळे बंगालकडून आणावे लागले. खिळा म्हणजे ज्याच्या टोंकावर उलटें अक्षर असतें तो शिशाचा लहानसा तुकडा. यालाच टाइप असेंही म्हणतात. १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापून मोठें धाडस दाखविलें. शिळाप्रेसवर हातानें लिहिलेलें पान दगडावर उतरवून त्याचे छाप घेत. तेथें सुटे खिळे लागत नसत. परंतु मोठमोठे ग्रंथ वारंवार, शुद्ध व स्वस्त छापावयाचे तर सुट्या खिळ्यांवांचून गत्यंतर नव्हतें.

आणि देवनागरीचे सुटे खिळे करणें ही फार कठीण गोष्ट होती. इंग्रजी छापणाऱ्यास सव्वीस अक्षरांचीं लहान व मोठीं रूपें, अंक आणि विरामचिन्हें एवढ्यांवर आपलें काम भागवितां येतें. आपल्या लिपींत मात्र मूळ अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार येतो. पायाशीं उकार व ऋकार लागतो. आणि दोन किंवा तीन व्यंजनें एकत्र आलीं म्हणजे तिसरेंच रूप तयार होतें. असे शेंकडों खिळे एका संचांत लागतात. शिवाय या सर्वांची शिरोरेघा एका ओळींत जुळली पाहिजे. एक खिळा केसभर वर किंवा खालीं गेला तरी ओळ तुटकी दिसते आणि वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो. असें हें काम. आणि गरीब घरच्या एका लहान मुलाच्या नशिबीं त्या कामाची अगदीं खालची पायरी आली.

जावजी सुमारें दहा वर्षांचे असतां अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार महिना दोन रुपये. ज्या वयांत आपले विद्यार्थी मराठी चौथीच्या बाकावर बसतात, त्या वयांत हा मुलगा ओतलेल्या खिळ्यांचे खरखरीत कांठ दगडावर घासून सारखे करीत बसे. शाळेचें शिक्षण त्यांस फारसें लाभलें नाहीं. परंतु एका अर्थीं त्यांच्या हातांत रोज जेवढीं अक्षरें येत, तेवढीं एखाद्या पंडिताच्याही हातांत आलीं नसतील.

खिळा कसा तयार होतो हें येथें सांगितलें पाहिजे, कारण जावजींची खरी शाळा तीच होय. प्रथम कारागीर पोलादाच्या कांडीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरतो. हें कोरणें इतकें बारीक असतें कीं, मध्येंमध्यें त्या टोंकावर दिव्याची काजळी धरून कागदावर छाप घ्यावा लागतो, आणि तो पाहून पुन्हा कानसीनें व टांकणीनें सुधारावें लागतें. अक्षर मनासारखें झालें म्हणजे त्या पोलादास पाणी देऊन तें कठीण करितात. हा झाला ठसा. मग तो ठसा तांब्याच्या तुकड्यांत ठोकून त्यांत अक्षराची खोलगट प्रतिमा उमटवितात. तिला मातृका म्हणतात. ही मातृका ओतणीच्या साच्यांत बसवून त्यांत शिसें, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतला म्हणजे खिळा तयार होतो. शिसें स्वस्त व लवकर वितळणारें, अँटिमनीमुळें त्यास कठीणपणा येतो, आणि कथिलामुळें रस बारीक कोपऱ्यांत नीट पोंचतो. शेवटीं खिळ्याची जास्तीची शेपटी मोडून, कांठ घासून, त्याची उंची व जाडी बरोबर करावी लागते. हें शेवटचें काम लहान जावजीकडे होतें.

वरवर पाहतां हें काम हलकें. परंतु सर्व कामांतील दोष शेवटीं घासणाऱ्याच्या हातांत येतात. ठसा वांकडा कोरला असेल, मातृका कमी-अधिक खोल बसली असेल, रस थंड पडून अक्षराचा कोपरा भरला नसेल, तर तें त्या खिळ्यावरच दिसून येतें. दिवसच्या दिवस हजारों खिळे बोटांखालून गेले म्हणजे बोटांसही दृष्टि येते. जावजींनीं पुढें जो व्यवसाय उभारला, त्याचें मूळ भांडवल हेंच होय, असें आमचें मत आहे. पैसा त्यांच्याजवळ नव्हता. परंतु चांगला खिळा कोणता व वाईट कोणता, हें ओळखण्याची नजर त्यांनीं लहानपणींच मिळविली होती.

या छापखान्यांत थॉमस ग्रॅहम नांवाचे एक निष्णात ठसेकार होते. देवनागरी अक्षर सुबक व लहान आकारांत कोरण्यांत त्यांनीं मोठें कौशल्य मिळविलें होतें. त्यांच्या हाताखालीं जावजींस खिळे पाडण्याच्या कलेचें शिक्षण मिळालें. पुढें जावजींनीं मुंबईतील टाइम्स, इंदुप्रकाश वगैरे छापखान्यांतही नोकरी केली. या नोकऱ्यांमुळें त्यांस धंद्याची दुसरी बाजू दिसली. पहिल्या ठिकाणीं त्यांनीं खिळा करणाऱ्याचें दुःख पाहिलें होतें; येथें त्यांनीं खिळा वापरणाऱ्याचें दुःख पाहिलें. कोणतें अक्षर लवकर झिजतें, कोणत्या जोडाक्षराचे खिळे नेहमीं कमी पडतात, जुळाऱ्याचा हात कोठें अडतो, हें सर्व छापखान्यांत उभें राहिल्यावांचून कळत नाहीं. स्वतःचा कारखाना काढण्यापूर्वीं जावजींनीं दुसऱ्यांच्या कारखान्यांत सुमारें पंधरा वर्षें घालविलीं, ही गोष्ट उतावळ्या तरुणांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१८६४ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास, जावजींनीं खिळे पाडण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना सुरू केला. हें साल आम्हां वऱ्हाडांतील लोकांस विशेष अर्थाचें वाटलें पाहिजे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तिकडचा कापूस विलायतेस जाण्याचें बंद पडलें, आणि आपल्या इकडच्या कापसास कधीं न मिळालेला भाव आला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील पांढऱ्या सोन्याच्या गाठी मुंबईच्या बंदरावर जाऊं लागल्या, आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. रोज नवी पेढी, रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर. सकाळीं घेतलेला कागद संध्याकाळीं अधिक भावानें विकावा, हाच पुष्कळांचा धंदा झाला. ज्या शहरांत कांहीं न घडवितां श्रीमंत होण्याची अशी घाई चालली होती, त्याच शहरांत त्याच सालीं एक तरुण शिशाचे खिळे एकेक करून ओतूं लागला.

१८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें. कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअरांचा फुगा फुटला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, लक्षाधीश एका रात्रींत कर्जबाजारी झाले. जावजींचा कारखाना मात्र टिकला. यांत दैवाचा भाग किती व शहाणपणाचा किती, हें आज ठरवितां येणार नाहीं. परंतु ज्या वस्तूची खरी गरज आहे ती वस्तु चांगली करून देणारा मनुष्य मंदीच्या दिवसांतही अगदींच निराधार होत नाहीं, एवढें यावरून म्हणतां येईल. शेअरचा कागद निकामी झाला तरी छापखान्यास खिळे लागतच होते.

या कारखान्यांत जावजींचा जोडीदार होता त्यांचा मित्र राणोजी रावजी आरू. ठसे कोरण्यांत राणोजींचा हात असामान्य होता. निर्णयसागरच्या सुंदर अक्षरांची कीर्ति सांगतांना जावजींबरोबर राणोजींचें नांव न घेणें हा अन्याय होईल. धंद्याची उभारणी व कारभार जावजींकडे, आणि पोलादावर अक्षर जन्मास घालण्याची करामत राणोजींची, असें हें साहचर्य होतें. कलेच्या धंद्यांत असा मेळ दुर्मिळ असतो. पुष्कळदां ज्याचा हात चांगला त्यास हिशेब जमत नाहीं, आणि ज्यास हिशेब जमतो त्यास कारागिराच्या कामाची पारख नसते. जावजी स्वतः खिळे घासून वर आलेले असल्यामुळें राणोजींच्या कामाचें मोल त्यांस कळत होतें. ज्या मालकास कारागिराची किंमत कळते, त्याच्याकडेच उत्तम कारागीर टिकून राहतो.

या धंद्याचा हिशेबही विचित्र असतो, आणि तो आमच्या पालकांनीं समजून घेण्यासारखा आहे. शेंकडों ठसे कोरून संच पुरा होईपर्यंत सर्व खर्चच असतो. अर्धवट संच कोणी विकत घेत नाहीं; कारण पन्नास अक्षरें सुंदर असलीं आणि एकावन्नावें नसलें, तर एक ओळही पुरी जुळत नाहीं. पुढें संच तयार झाला, कीं त्याच ठशांवरून मातृका व त्याच मातृकांवरून वर्षानुवर्षें खिळे ओततां येतात. म्हणजे विचाराचे व कोरणीचे श्रम एकदां, आणि त्यांचें फळ पुष्कळ दिवस. मात्र यांत एक अट असते. आज विकलेला खिळा आणि पांच वर्षांनीं विकलेला खिळा यांत उंचीचा, जाडीचा किंवा वळणाचा फरक पडतां कामा नये. छापखानदाराचे कांहीं खिळे झिजले म्हणजे तो तेवढेच नवे मागतो. ते जुन्यांच्या रांगेंत मिसळले नाहींत तर त्याचा सारा संच वायां जातो. म्हणून या धंद्यांत सौंदर्याइतकेंच सातत्यही विकलें जातें. एकदां सुंदर काम करणें हें छंदिष्टासही साधतें. तेंच काम पुन्हा पुन्हा, मापास उतरेल असें करणें, हें धंदेवाल्याचें लक्षण होय.

पांच वर्षें खिळ्यांचा कारखाना चालविल्यावर १८६९ सालीं जावजींनीं स्वतःचा छापखाना काढला, आणि त्यास निर्णयसागर हें नांव दिलें. पुढें मुंबईच्या काळबादेवी भागांतील कोलभाट गल्लीचा पत्ता या नांवाशीं कायमचा जोडला गेला. खिळे करणाऱ्याचाच छापखाना असल्यामुळें दोहोंस लाभ झाला. कारखान्यांत घडलेलें अक्षर छापखान्यांत ताबडतोब कसास लागे. जेथें उणें दिसे तेथें तें सुधारतां येई. आणि छापलेलें प्रत्येक पुस्तक त्या खिळ्यांची जाहिरातच होई. ज्याच्या हातीं तें पुस्तक पडे, त्यास निराळें कांहीं सांगावें लागत नसे. निर्णयसागर पंचांग तर घरोघरीं भिंतीवर वा देव्हाऱ्याजवळ जाऊन बसलें. ज्या घरांत दुसरें छापील पुस्तक नव्हतें, त्या घरांतही निर्णयसागर हें नांव वाचतां येऊं लागलें.

परंतु अक्षर सुंदर असून मजकूर अशुद्ध असेल तर तें सौंदर्य कुचकामाचें. जावजींचें मोठेपण हें कीं, त्यांनीं ही गोष्ट ओळखली. स्वतः फारसें शिकलेले नसतांही, किंवा कदाचित् म्हणूनच, त्यांनीं विद्वानांचा आश्रय घेतला आणि विद्वानांस आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या काढण्यासाठीं त्यांनीं काशीनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे पंडित मिळविले. १८८६ सालीं काव्यमाला या नांवाची प्रसिद्ध माला सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांनीं तिचें संपादन केलें. जीं संस्कृत काव्यें, नाटकें व अलंकारग्रंथ हस्तलिखितांच्या पेट्यांत पडून होते, त्यांपैकीं कित्येक या मालेंतून प्रथमच छापील रूपानें लोकांसमोर आले. परीक्षेस बसणारा विद्यार्थी, पाठशाळेंतील शास्त्री आणि परदेशांतील संशोधक, या सर्वांस निर्णयसागरची प्रत भरंवशाची वाटूं लागली.

मराठी मुलांवर तर जावजींचे विशेष उपकार आहेत. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं संपादिलेलें बालबोध हें मासिक निर्णयसागरमधून निघूं लागलें. लहान मुलांस वाचण्यासारखें नियमित मासिक चालविणें हें त्या काळीं धाडसाचें काम होतें, कारण मुलें स्वतः वर्गणी देत नाहींत आणि वडील मंडळींस मुलांचें वाचन अनावश्यक वाटत असे. तरीही हें मासिक जावजींच्या पश्चात्‌ही अनेक वर्षें चालू राहिलें. थोर पुरुषांचीं चरित्रें, शास्त्रीय माहिती, कविता व गोष्टी यांनीं त्यानें दोन पिढ्यांस वाचनाची गोडी लाविली. ज्या माणसास बालपणीं शाळेऐवजीं कारखान्यांत बसावें लागलें, त्यानें दुसऱ्यांच्या मुलांसाठीं मासिक काढावें, यांतील मर्म आमच्या वाचकांस सांगावयास नको.

५ एप्रिल १८९२ रोजीं जावजींचें निधन झालें. वय केवळ त्रेपन्नाच्या आसपास. परंतु त्यांनीं कारखाना अशा शिस्तीनें उभारला होता कीं, तो त्यांच्याबरोबर संपला नाहीं. जुन्या ग्रंथालयांत निर्णयसागरचीं पुस्तकें काढून मुखपृष्ठें पाहिलीं, तर आधीं जावजी दादाजी, मग तुकाराम जावजी, पुढें पांडुरंग जावजी, आणि त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग, अशीं नांवें क्रमानें दिसतात. संस्थापकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनींही तेंच नांव, तेंच वळण आणि तीच शुद्धतेची ख्याति टिकून राहिली. निर्णयसागरच्या अक्षराचें वळण देवनागरी छपाईचा एक आदर्श ठरलें.

आज शिशाच्या खिळ्यांचा काळ संपला आहे. जुळाऱ्याच्या हातांतील पट्टी गेली, घासण्याचा दगड गेला, आणि ओतणीची भट्टीही विझली. आतां अक्षर संगणकाच्या पडद्यावर रेखिलें जातें व क्षणांत जगभर पोंचतें. तथापि अक्षर घडविणाऱ्यापुढील अडचणी त्याच आहेत. शिरोरेघा जुळली पाहिजे, मात्रा अक्षरावर आदळतां कामा नये, जोडाक्षर ओळखूं आलें पाहिजे, आणि लहान आकारांतही अक्षराचें पोट मोकळें राहिलें पाहिजे. यंत्र बदललें म्हणून नजरेचें काम यंत्र करीत नाहीं. आपल्याच शहरांतील कित्येक फलकांवर उकार तुटलेले, रफार भलत्या अक्षरावर गेलेले आणि ऱ्हस्व-दीर्घ उलटे झालेले आपण पाहतों. त्याचें कारण यंत्राचा अभाव नव्हे, तर दोष पाहून अस्वस्थ होणाऱ्या माणसाचा अभाव होय.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. सुबक आकृति काढून पोट भरतें काय? जावजींचें चरित्र वाचून आम्हांस असें वाटतें कीं, नुसती आकृति सुबक असून पोट भरत नाहीं. परंतु सुबकपणास मोजमाप, शुद्धता, वेळेवर काम देण्याची संवय आणि हिशेब यांची जोड मिळाली, तर तेवढ्यावर एक घरच काय, पुष्कळ घरें चालतात. ही जोड मात्र जन्मतः मिळत नाहीं. ती दोन रुपये पगारावर, दगडाशेजारीं बसून मिळवावी लागते. ज्या मुलास चित्रकलेची आवड आहे त्यानें आरंभींच मोठी पाटी लावून दुकान मांडण्याची घाई करूं नये. एखाद्या चांगल्या छापखान्यांत, पाट्या रंगविणाऱ्याकडे, किंवा पत्रिकांचे नमुने करणाऱ्याकडे कांहीं वर्षें मनापासून उमेदवारी करावी. हलकें काम आलें तर तें हलकें समजूं नये. दुसऱ्याच्या चुका शिव्या न देतां पाहाव्यात आणि स्वतःच्या चुका लाज न बाळगतां मोजाव्यात.

पालकांसही आमची एक नम्र विनंती आहे. मुलाची वही नक्षीनें भरलेली दिसली म्हणजे ती एकदम फाडूं नये आणि एकदम डोक्यावरही घेऊं नये. तीच आकृति त्यास दहा वेळां काढावयास सांगावी. दहावी आकृति पहिलीइतकीच काळजीनें काढलेली असेल, तर त्या मुलाच्या हातांत नुसता छंद नसून एक धंदा आहे असें समजण्यास हरकत नाहीं. दहाव्या वेळीं तो कंटाळला, तरीही कांहीं बिघडत नाहीं; चित्रकला त्यास आयुष्यभर आनंद देईल, मात्र चरितार्थासाठीं त्यानें दुसरें कांहीं शिकावें, एवढेंच त्यावरून कळेल. घरांतील परिस्थिति अगदींच बिकट असेल तर मुलानें आधीं नोकरी धरावी, यांत कमीपणा नाहीं. जावजींनींही तेंच केलें. त्यांनीं नोकरीस शाळा बनविलें, हें त्यांचें वैशिष्ट्य.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस एक लहानसा अभ्यास सुचवून हा लेख पुरा करितों. शाळेच्या किंवा गांवच्या जुन्या ग्रंथालयांत निर्णयसागरचें एखादें पुस्तक मिळालें, तर तें हळुवारपणें उघडावें. त्याचीं पानें आतां पिवळीं व ठिसूळ झालेलीं असतील. मजकूर समजला नाहीं तरी चालेल. एका ओळीवर बोट ठेवून शिरोरेघेकडे पाहावें, आणि ती कोठें तुटते काय हें शोधावें. मग त्याच दिवशीं घरीं जातांना आपल्या गल्लींतील एक पाटी त्याच नजरेनें पाहावी. जो मुलगा त्या पाटीवरील चूक ओळखील, आणि ती कशी सुधारावी हें वहींत काढून दाखवील, त्यानें जावजींच्या शाळेंत पहिलें पाऊल टाकिलें असें आम्ही समजूं.